पिवळा रंग, निळा दिवा आणि अंगावरचं दूध

खारघरच्या एखाद्या इमारतीतलं चौथ्या मजल्यावरचं घर डोळ्यांसमोर आणा. घरात तीन महिन्यांचं बाळ. आठवडाभर आईला डाव्या डोळ्याने मधोमध धुरकट डाग दिसतोय, मोबाइलवरच्या ओळी वाकड्या दिसताहेत. डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासला आणि म्हणाले, "अँजिओग्राफी करून घेऊ." हातावर सुई टोचली, फोटो निघाले, तासाभरात सुट्टीही झाली. घरी येऊन आरशात पाहते तर चेहरा हळद चढल्यासारखा पिवळा. लघवी तर हायलायटर पेनच्या शाईसारखी. बाळ भुकेने रडतंय आणि सासूबाई दारातच अडवतात, "अगं, सगळं अंग पिवळं झालंय तुझं. मग दूध तेवढं कोरं कसं राहील? आज वरचंच पाज."

सासूबाईंचा तर्क अगदी रास्त आहे. कातडीत उतरलेला, लघवीत उतरलेला रंग दुधात उतरणारच, आणि तो उतरतोही. पण "दुधात जातो का?" एवढ्याच प्रश्नावर थांबलं तर उत्तर अर्धवट राहतं. किती जातो, किती वेळ राहतो आणि तो पिणारं बाळ कोणतं, हे तीन प्रश्न पुढे विचारावे लागतात. त्यातला तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

गळती शोधणारा रंग

अँजिओग्राफी म्हटलं की घरच्यांना हृदय आठवतं, मांडीतून किंवा मनगटातून सरकवलेली नळी आठवते. डोळ्याच्या अँजिओग्राफीत असली नळी नसते. पावसाळ्यात छतातून पाणी झिरपायला लागलं की गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला वरच्या मजल्यावर रंगीत पाणी सोडतात आणि खाली रंग कुठे उमटतो ते पाहतात. ही तपासणी तशीच आहे. पडद्यावरच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांपैकी कोणती झिरपतेय, कोणती तुंबलीय, हे पाहायला रक्तातच रंग सोडायचा.

हा रंग म्हणजे फ्लुरेसिन. अडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो १८७१ मध्ये तयार केला. त्याची पहिली गाजलेली कामगिरी खरोखरच गळती शोधण्याची होती. डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी जमिनीत गडप होतं, ते जातं कुठे, हा जुना वाद होता. १८७७ मध्ये नदीत सुमारे दहा किलो फ्लुरेसिन ओतलं आणि साधारण ६० तासांनी आख नदीच्या झऱ्यात हिरवट चमकणारं पाणी वर आलं. डॅन्यूबचं पाणी भूमिगत वाटेने ऱ्हाइनच्या खोऱ्यात जात होतं.

माणसाच्या डोळ्यात हाच प्रयोग करण्याची कल्पना अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण घेणाऱ्या दोघांची. हॅरल्ड नोवोटनी आणि डेव्हिड अल्विस यांनी रंग कोणाला टोचायचा हे नाणं उडवून ठरवलं. अल्विस हरले, म्हणून पहिले फोटो त्यांच्या डोळ्याचे निघाले. त्यांचा लेख १९६१ मध्ये छापून आला, तोही नेत्रविज्ञानाच्या नव्हे तर रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात.

आज ही तपासणी नवी मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या नेत्र रुग्णालयात होते. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेत साधारण ५०० मिलिग्रॅम फ्लुरेसिन काही सेकंदांत सोडतात. दहा-पंधरा सेकंदांत ते पडद्याच्या रक्तवाहिन्यांत पोचतं. कॅमेरा निळा प्रकाश टाकतो. फ्लुरेसिनचा कण तो निळा प्रकाश गिळतो आणि हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर टाकतो. काळ्या पार्श्वभूमीवर रक्तवाहिन्यांचं झाड उजळतं आणि जिथे झिरपतंय तिथे डाग पसरत जातो. काही जणांना मिनिटभर मळमळतं. गंभीर ॲलर्जी क्वचित होते, म्हणूनच औषधांचा ट्रे शेजारी मांडलेला असतो.

पिवळेपणाचं कारणही यातच आहे. शरीराच्या इतर भागांतल्या बारीक वाहिन्यांतून रंग थोडा थोडा बाहेर पडतो आणि कातडी काही तास पिवळी दिसते. मग मूत्रपिंडं तो गोळा करून बाहेर टाकतात. लघवीचा रंग एवढा गडद दिसतो तो त्यामुळेच. अंगभर पसरलेला रंग तिथे एका जागी साठवलेला असतो. दीड दिवसात बहुतेक रंग निघून जातो.

रक्तातून दुधात: चक्क्याचं फडकं

स्तनात दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. पिशवीच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला दूध आणि मधे पेशींची एक भिंत. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो, ते आठवा. पाणी आणि पाण्यात विरघळलेले बारीक कण फडक्यातून ठिबकतात, चक्का आत राहतो. स्तनातली भिंत जिवंत असल्यामुळे तिचं काम याहून गुंतागुंतीचं आहे, पण ढोबळ नियम तोच. लहान आणि सुटा कण पलीकडे जाऊ शकतो, मोठा किंवा मोठ्याला चिकटलेला कण अलीकडेच अडकतो.

फ्लुरेसिनचा कण लहान आहे, म्हणून तो जाऊ शकतो. पण रक्तात शिरताच त्यातला बराचसा भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो. चिकटलेला भाग चक्क्यासारखा आतच राहतो, भिंत ओलांडतो तो उरलेला सुटा भाग.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत या भिंतीतल्या पेशींमध्ये फटी असतात. आईची रोगप्रतिकारक द्रव्यं बाळाला मिळावीत म्हणून हे सोयीचंच, पण त्याच फटींतून औषधंही सहज निसटतात. पुढे फटी बुजत जातात. म्हणजे चिकाच्या दिवसांतली बाळंतीण आणि तीन महिन्यांच्या बाळाची आई यांच्या बाबतीत एकच औषध सारखं वागत नाही.

हिशेब मांडून पाहू

शिरेतून फ्लुरेसिन दिल्यावर दुधात ते किती सापडतं, याची बहुतेक ठिकाणी सांगितली जाणारी मोजणी एकाच आईची आहे. तपासणीनंतर सहा तासांनी तिच्या लिटरभर दुधात ३७२ मायक्रोग्रॅम फ्लुरेसिन होतं आणि ७६ तासांनी १७०. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

आता साधं गणित करू. चार किलोचं बाळ दिवसाला किलोमागे १५० मिलिलिटर, म्हणजे ६०० मिलिलिटर दूध पितं असं धरू. सहा तासांनंतरचं दूध त्याने दिवसभर प्यायलं तरी पोटात जाणारं फ्लुरेसिन साधारण ०.२२ मिलिग्रॅम होतं. आईला नेहमीचे ५०० मिलिग्रॅम दिले असं धरू. म्हणजे बाळाच्या वाट्याला साधारण सव्वादोन हजारावा हिस्सा आला.

पण आई आणि बाळ यांच्या वजनात फरक आहे, म्हणून डॉक्टर हा हिशेब किलोमागे करतात. आई ५० किलोची असेल तर तिला किलोमागे १० मिलिग्रॅम मिळालं. बाळाला किलोमागे ०.०५६ मिलिग्रॅम, म्हणजे आईच्या तुलनेत सुमारे अर्धा टक्का. अंगावर पाजताना हा आकडा १० टक्क्यांच्या खाली असला तर बहुतेक औषधं चालण्यासारखी मानतात. फ्लुरेसिन त्या रेषेच्या बरंच खाली आहे.

आणखी एक तुलना करू. लहान मुलांच्या पडद्याची तपासणी करायची वेळ येते तेव्हा त्यांनाही फ्लुरेसिन शिरेतून देतात, किलोमागे ७.७ मिलिग्रॅम या प्रमाणात. चार किलोच्या बाळाला तो डोस ३१ मिलिग्रॅमच्या आसपास होईल. आपल्या हिशेबातल्या बाळाला दुधातून मिळाला तो त्याच्या सुमारे १४० पटींनी कमी.

या हिशेबाला तीन टाचण्या मात्र लावून ठेवायला हव्यात. पहिली: ही मोजणी सहा तासांनंतरची आहे. रक्तात रंग सर्वाधिक असतो तो त्याआधी, म्हणून पहिल्या तासांचं दूध वेगळं धरावं. दुसरी: एका आईचं दूध म्हणजे सगळ्या आयांचं दूध नाही. तिसरी: फ्लुरेसिन पोटातून शोषलं जातं, त्यामुळे "प्यायलं तरी तसंच बाहेर पडेल" असं म्हणून सोडून देता येत नाही.

निळ्या दिव्याखालचं बाळ

आता तिसरा प्रश्न, बाळ कोणतं?

जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बऱ्याच बाळांना कावीळ होते. आपल्याकडे अशा बाळाला कोवळ्या उन्हात धरायची जुनी रीत आहे. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात एका परिचारिकेच्या लक्षात आलं की, उन्हात ठेवलेल्या बाळाची उघडी कातडी कमी पिवळी दिसते, झाकलेली मात्र पिवळीच राहते. त्या निरीक्षणातून फोटोथेरपी आली. रुग्णालयात डोळ्यांवर पट्टी बांधलेलं, नुसतं लंगोट घातलेलं बाळ निळ्या दिव्याखाली झोपवलेलं दिसतं, तेच हे उपचार. काविळीचं पिवळं द्रव्य ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश चांगला शोषतं आणि त्या प्रकाशाने त्याचं रूप बदलून ते शरीराबाहेर टाकता येतं.

फ्लुरेसिन चमकवायला नेत्रतपासणीच्या कॅमेऱ्यात जो निळा प्रकाश वापरतात, तो जवळपास याच पट्ट्यातला असतो. एक दिवा आईच्या डोळ्यात क्षणभर चमकतो, दुसरा बाळाच्या उघड्या अंगावर तासन् तास पडतो. अंगात फ्लुरेसिन असताना कातडीवर असा प्रकाश सतत पडत राहिला तर गिळलेली सगळी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडत नाही. काही ऊर्जा आजूबाजूच्या पेशींना इजा करते. हा तर्क पुस्तकातच राहिलेला नाही. निळ्या दिव्याखाली असलेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका बाळाला थेट फ्लुरेसिन टोचल्यावर त्याच्या कातडीला भाजल्यासारखे फोड आले, अशी नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या बाळाला रंग दुधातून मिळाला नव्हता, शिरेतून मिळाला होता, आणि हा फरक मोठा आहे. पण नवजात, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात. आलेला रंग बाहेर टाकायला त्यांना वेळ लागतो आणि आईचं दूध तर दिवसातून आठ-दहा वेळा येत असतं.

म्हणून नियम सोपा आहे. बाळ निळ्या दिव्याखाली असेल किंवा लवकरच ठेवावं लागेल असं वाटत असेल, तर फ्लुरेसिन घेतलेल्या आईचं दूध तेवढे दिवस थांबवावं आणि किती दिवस ते बालरोगतज्ज्ञांनी ठरवावं. तीन महिन्यांचं, वजन नीट वाढणारं, काविळीतून कधीच बाहेर आलेलं बाळ मात्र या गटात बसत नाही.

एक दिवस की सात दिवस?

इथे आई सगळ्यात जास्त गोंधळते. एक डॉक्टर एक दिवस थांबायला सांगतात. इंटरनेटवर सापडलेलं युरोपातलं औषधाचं पत्रक सांगतं की, सात दिवस पाजू नका, दूध काढून टाकून द्या. अमेरिकेतल्या पत्रकात बराच काळ "काळजी घ्यावी" एवढंच होतं. तिघांमधलं खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. एका आईच्या त्या मोजणीत दुधातला रंग निम्मा व्हायला साधारण ६२ तास लागत होते. रक्तातला रंग झपाट्याने जातो, दुधातला रेंगाळतो. याच वेगाने तो घटत गेला असं धरलं, तर सात दिवसांनीही लिटरमागे साठेक मायक्रोग्रॅम उरतो. म्हणजे "एक कणही नको" ही अट घातली तर सात दिवसही पुरत नाहीत, आणि "घातक ठरेल एवढं नको" ही अट घातली तर पहिले काही तास सोडले की थांबायचा प्रश्नच फारसा उरत नाही. पत्रक लिहिणाऱ्याला समोरचं बाळ माहीत नसतं. ते अपुऱ्या दिवसांचं असू शकतं, काचपेटीत असू शकतं, म्हणून तो सगळ्यात नाजूक बाळ मनात धरून लिहितो. तुमच्या डॉक्टरांसमोर मात्र तुमचंच बाळ असतं. म्हणून सात दिवसांचा आकडा वाचून घाबरू नये, आणि आपल्या मनाने धुडकावूनही लावू नये. बाळाचं वय, वजन आणि काविळीचा इतिहास सांगून तो तपासून घ्यावा.

दूध पांढरं दिसतं म्हणून त्यात रंग नाही असं समजू नये, एवढ्या थोड्या प्रमाणात तो डोळ्यांना दिसणारच नाही. आणि काढलेलं दूध उकळल्याने रंग जात नाही, दुधातले चांगले घटक तेवढे जातात.

थांबवण्याचीही किंमत असते

"कशाला धोका पत्करायचा, आठवडाभर वरचं पाजू" हा सल्ला बिनधोक वाटतो, पण तो तसा नसतो. दूध मागणीप्रमाणे बनतं. बाळ ओढत नाही आणि आई पिळूनही काढत नाही, तेव्हा पहिल्या दिवशी छाती दाटते, गाठी येतात, ताप भरतो आणि मग दूध आटायला लागतं. बाटलीची सवय लागलेलं बाळ पुन्हा अंगावर घेईलच असंही नाही. थांबायची वेळ आली, तर दर दोन-तीन तासांनी हाताने किंवा पंपाने दूध काढत राहावं. दूध काढल्याने रंग शरीरातून लवकर जात नाही, पण दूध टिकतं. ते कारण पुरेसं आहे.

आईच्या दुधाची ही किंमत आपल्या भागाने फार आधी ओळखली. हार्बर लाइनने कुर्ल्याला उतरून एक स्टेशन पुढे गेलं की शीव. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूध पेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी. अशा पेढ्यांत आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात. जंतू मरतात, औषधं मात्र तशीच राहतात. म्हणून दूध देणाऱ्या आईला कोणती औषधं चालू आहेत ते आधी विचारतात. नुकतीच रंगाची तपासणी झालेल्या आईने ते पेढीत आपणहून सांगावं, कारण तिचं दूध नेमकं सगळ्यात नाजूक बाळाच्या तोंडी जायचं असतं.

हिरवा रंग आणि बिनरंगाची वाट

कधी पडद्याच्या मागचा थर पाहायला दुसरा, हिरवा रंग टोचतात. त्याचं नाव इंडोसायनीन ग्रीन. तो जवळजवळ सगळाच रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो, मूत्रपिंडांऐवजी यकृतातून पित्तात उतरतो आणि काही मिनिटांतच रक्तातून कमी होतो. चक्क्याच्या भाषेत सांगायचं तर फडक्यातून ठिबकायला सुटं काही उरतच नाही. त्यात थोडं आयोडीन असतं, म्हणून आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आधी सांगावं.

सीटी स्कॅन आणि एमआरआयचे रंग हे आणखी वेगळे. ते दुधात अत्यल्प उतरतात आणि बाळाच्या आतड्यातून त्याहून कमी शोषले जातात, त्यामुळे त्यानंतर पाजणं सहसा थांबवत नाहीत. किरणोत्सारी आयोडीनची गोष्ट मात्र पूर्ण निराळी, तिथे अंगावर पाजणं बंदच करावं लागतं. "रंग टोचला" या एका शब्दात या सगळ्या तपासण्या एकत्र बांधल्या जातात आणि घोळ तिथेच होतो.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न आणखी वेगळा आहे: सुईशिवाय भागेल का? ओसीटी नावाच्या तपासणीत प्रकाशाच्या परावर्तनातून पडद्याचे थर दिसतात, आणि तिच्याच पुढच्या रूपात वाहत्या रक्ताच्या हालचालीवरून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. त्यात ना सुई, ना रंग. पण वाहिनी कुठे झिरपतेय ते या नकाशात कळत नाही, तिथे फ्लुरेसिनच लागतं. बाळंतपणाच्या आसपास पडद्याखाली पाणी साचण्याचा आजार झाला, तर तो बऱ्याचदा आपोआप ओसरतो आणि डॉक्टर थोडे आठवडे थांबू शकतात. मधुमेहामुळे पडदा बिघडत असेल तर मात्र बाळासाठी म्हणून तपासणी पुढे ढकलणं आईच्या नजरेला महागात पडू शकतं.

थोडक्यात: सुई टोचण्याआधी

• मी अंगावर पाजते, हे फॉर्म भरतानाच सांगा. बाळाचं वय, वजन, अपुऱ्या दिवसांचं आहे का, कावीळ किंवा फोटोथेरपी चालू आहे का, तेही सांगा.
• ओसीटीवर भागेल का, तपासणी काही आठवडे थांबू शकते का, ते विचारा.
• रंगाचं नाव लिहून घ्या. बालरोगतज्ज्ञ आधी तेच विचारतील.
• आदल्या दोन-तीन दिवसांत थोडं थोडं दूध काढून ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात ते बाहेर ठेवू नका. लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर चार दिवस, फ्रीजरमध्ये त्याहून बराच काळ टिकतं.
• तपासणीला निघण्याआधी बाळाला पोटभर पाजा. पहिल्या काही तासांतलं दूध काढून टाका आणि तेवढ्या वेळापुरतं साठवलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या.
• बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध रक्तात कमी जातं.
• बाळ निळ्या दिव्याखाली असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत आपलं दूध देऊ नका, पण काढत राहा.

खारघरच्या त्या घरात परत जाऊ. बाळ तीन महिन्यांचं, धडधाकट. फ्रिजमध्ये वाटीभर दूध आदल्या रात्री काढून ठेवलेलं असतं, तर दारातली ओढाताण झालीच नसती. ते आत्ताच्या वेळेला पाजलं असतं आणि पुढच्या वेळेचं डॉक्टरांना फोन करून ठरवलं असतं. हा प्रश्न संध्याकाळी पिवळा चेहरा घेऊन सोडवायचा नसतो, सकाळी सुई टोचण्याआधी विचारायचा असतो. तुमच्या घरात, शेजारात कोणा बाळंतिणीला डोळ्याची अँजिओग्राफी सांगितली असेल, तर तिला एवढंच सांगा: रंगाचं नाव विचार, आणि बाळाचं वय सांग.